जॅझचा वर्ग आणि नेतृत्वाचा धडा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

मराठी मंडळाच्या व्यासपीठावर जॅझचा विषय कशाला, असा प्रश्न आपणांस पडला असेल. हे संगीत आपल्याला अगदीच परके नाही. सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून काम केलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट मूळचे गोव्याचेच. परंतु आज आम्हाला बोलायचे आहे ते या संगीतातून मुले कशी घडतात, याविषयी.

लुई आर्मस्ट्राँग अकरा वर्षांचा असताना, नववर्षाच्या रात्री पिस्तूल झाडल्याबद्दल त्याची रवानगी न्यू ऑर्लिअन्समधील मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथील बँडमास्तर पीटर डेव्हिस यांनी प्रथम त्याच्या हाती साधा खंजिरीसारखा टॅम्बोरिन दिला. पुढे बिगुल, मग कॉर्नेट, आणि शेवटी त्या बँडचे नेतृत्वच त्याच्याकडे आले. अधिकार मिळाला, पण तो इतरांच्या तालात वाजवायला शिकल्यानंतर.

शिकागोच्या ड्यूसेबल हायस्कुलात कॅप्टन वॉल्टर डायेट यांनी १९३५ पासून सुमारे पाव शतक असेच कार्य केले. शिस्त करडी, चुकीचा स्वर त्यांच्या कानातून सुटत नसे. तरीही 'हाय-जिंक्स' हा वार्षिक कार्यक्रम ते विद्यार्थ्यांकडूनच उभा करवीत. जीन अॅमन्स, जॉनी ग्रिफिन यांच्यासारखे नामवंत सॅक्सोफोनवादक याच शाळेतून बाहेर पडले.

यातील मर्म जॅझच्या रचनेत आहे. ब्लूजचे एक आवर्तन बारा मापांचे, प्रत्येक मापात चार मात्रा. एक विद्यार्थी उभा राहतो आणि त्या चौकटीत आपल्या मनाचे वाजवितो. बाकीचे त्याला साथ करतात, जशी गवयाला तबलजी ठेक्याने करतो. आवर्तन संपले की तो बसतो आणि दुसरा उठतो. मघाचा नायक आता साथीदार असतो. एखाद्याचा स्वर ढळला तरी आवर्तन थांबत नाही. सोबती त्याला सावरून समेवर आणतात. सरकारी नोकरीत कार्यभार देण्याघेण्याचे प्रसंग आम्ही पुष्कळ पाहिले. घेणारे उत्सुक असतात, देणारे क्वचितच. या मुलांना मात्र दर बारा मापांनी कार्यभार प्रसन्नपणे सोपविण्याची सवय लागते.

न्यूयॉर्कच्या 'जॅझ अॅट लिंकन सेंटर' या संस्थेने १९९६ पासून ड्यूक एलिंग्टन यांच्या रचनांवर शालेय वाद्यवृंदांची स्पर्धा चालविली आहे. शाळांना स्वरलिपी विनामूल्य पाठविली जाते. थोरांचे वैभव कपाटात न ठेवता मुलांच्या हाती देणे, हा त्यामागील विचार आम्हाला अनुकरणीय वाटतो.

घरापासून इतक्या दूर आपण पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालय चालविले, हे भूषणास्पद आहे. परंतु येथे जन्मलेली आपली मुले या कार्यक्रमांत बहुधा बसविलेले गाणे म्हणतात आणि टाळ्या घेऊन घरी जातात. कार्यक्रम कोणता, खर्च किती, पाहुणा कोण, हे आपणच ठरवितो. मग मराठीची गोडी त्यांना परक्याच्या घरच्या पाहुणचारासारखी वाटू लागली, तर दोष त्यांचा नव्हे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पुढील गणेशोत्सवाची एक संध्याकाळ अंदाजपत्रकासह तरुणांच्या स्वाधीन करावी. त्यांचे मराठी अडखळेल, हिशेबही चुकेल. आपण मागे बसून ठेका धरावा. जो ठेका धरतो, तोही वाद्यवृंदातच असतो.