रमाबाई रानडे आणि परिचारिकांचे शिक्षण

(दापोडे, ता. भिवंडी, येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



घरात दुखणे आले म्हणजे परिचारिकेची आठवण होते. आज ती सर्वांच्या ओळखीची व आदराची आहे. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुलीन म्हणविणाऱ्या घरातील स्त्रीने हे काम पत्करणे म्हणजे कुळास बट्टा, अशी समजूत होती. परक्याचे मलमूत्र काढावयाचे, जातपात न पाहता रोग्यास स्पर्श करावयाचा, रात्र घराबाहेर काढावयाची! मग या कामासाठी शिक्षण घ्यावे, हे कोणाच्या मनात यावे कसे? ही समजूत ज्यांनी चिकाटीने पालटली, त्यांत रमाबाई रानडे यांचे स्थान फार वरचे आहे.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोशीत त्या शिकल्या. १९०१ साली त्यांना वैधव्य आले. पुढे २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने रमाबाईंनी ही संस्था वाढविली. शिवणकाम, शिक्षिकांचे शिक्षण यांजबरोबरच रुग्णशुश्रूषेच्या शिक्षणासाठी स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठविण्याचे कार्य तिने अंगावर घेतले.

या स्त्रियांत विधवा पुष्कळ होत्या. घराच्या कोपऱ्यात ज्यांचे आयुष्य सरावयाचे, त्यांना विद्या, वेतन आणि मान ही तिन्ही मिळू लागली. एका बक्षीस-समारंभाची हकीकत प्रसिद्ध आहे. केशवपन केलेली एक विद्यार्थिनी पदराने मस्तक झाकून पारितोषिक घेण्यास पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांतील काही कॉलेजविद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. रमाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या तरुणांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. दुःखी भगिनीची थट्टा करणाऱ्यास सुशिक्षित म्हणावे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या वर्गास विचारण्याजोगा आहे.

पुणे नगरपालिकेने सक्तीचे शिक्षण केवळ मुलांपुरते ठेवू नये, मुलींनाही द्यावे, या मागणीसाठीही त्या पुढे सरसावल्या. पाया प्राथमिक शाळेत घातला गेला नाही तर पुढील विद्येची इमारत उभी राहत नाही, हे त्या जाणून होत्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. १९६२ साली जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले.

आता आपल्या गावाकडे वळू. दापोडे आणि आसपासच्या गावांत शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. तेथे मजुरी चटकन मिळते, म्हणून मुलीचे शिक्षण मध्येच थांबविण्याचा मोह पालकांस होतो. परिचारिकेच्या अभ्यासक्रमास आज बारावी उत्तीर्ण असावे लागते. पदवीसाठी तर जीवशास्त्रासह विज्ञान शाखा आवश्यक असते. म्हणजे सातवीत शाळा सोडणाऱ्या मुलीचे हे दार कायमचे बंद होते. ही गोष्ट पालकांस वेळीच, त्यांच्या ओसरीवर जाऊन, शिक्षकानेच सांगावयास हवी.

वर्गातही पुष्कळ करता येईल. तापमापी वाचणे, तापाची नोंद वेळेसह लिहिणे, एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जुलाबावरील पाणी तयार करणे, ही कामे मुलामुलींकडून प्रत्यक्ष करून घ्यावीत. त्यात गणित आहे, विज्ञान आहे आणि संस्कारही आहे. मुलांनीही ती शिकावीत. सेवा हे केवळ स्त्रियांचे काम नव्हे.

अक्षरओळख नसलेल्या एका मुलीस कोणी तरी शिकविले, म्हणून पुढे कित्येक स्त्रिया शिकल्या. आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरही अशी एखादी मुलगी बसली असेल. तिची शाळा सुटू न देणे, हेच रमाबाईंचे खरे स्मरण होय.