बहात्तरावें मूलद्रव्य

रसायनशास्त्राच्या आरंभींच्या पाठांत विद्यार्थ्याला अणूंतील इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहावयास सांगतात. एक एस दोन, दोन एस दोन, दोन पी सहा, असा पाढा तो घोकतो. या आंकड्यांत परीक्षेच्या गुणांपलीकडे कांहीं अर्थ असेल, असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. त्या अर्थाची साक्ष बहात्तरावें मूलद्रव्य देतें.

मांडणीचे नियम थोडे आहेत. अणुक्रमांकाइतके इलेक्ट्रॉन घ्यावयाचे आणि कमी ऊर्जेच्या जागा आधीं भरावयाच्या. एस उपकवचांत २, पी मध्यें ६, डी मध्यें १० व एफ मध्यें १४ इलेक्ट्रॉन मावतात. क्रम मात्र सरळ नाहीं. ३ पी नंतर ४ एस भरतें व मग ३ डी. तसेंच ६ एस नंतर ४ एफ व मग ५ डी. या क्रमानें ६ एस पर्यंत ५६ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात, ४ एफ मध्यें १४ गेले म्हणजे ७० होतात, आणि उरलेले दोन ५ डी मध्यें जातात. आतां ४० क्रमांकाचें झिर्कोनियम पाहावें. त्याचेहि अखेरचे चार इलेक्ट्रॉन असेच असतात : ५ एस मध्यें दोन व ४ डी मध्यें दोन. बाह्य मांडणी सारखी, म्हणून रासायनिक गुणहि सारखे. अर्थात् बहात्तरावें मूलद्रव्य हें झिर्कोनियमचें भावंड ठरतें.

१९२२ सालीं ही गोष्ट वादाची होती. फ्रेंच रसायनज्ञ युर्बँ यांनीं विरल मृत्तिकांतून मिळवून १९११ सालीं जाहीर केलेलें सेल्टियम तेंच हें मूलद्रव्य, असा एक पक्ष होता. उलट, एस, पी, डी, एफ यांचे आजचे आंकडे १९२४-२५ सालीं निश्चित होण्यापूर्वींच, कोपनहेगनच्या नील्स बोर यांनीं ७१ व्या मूलद्रव्यापाशीं चौथें कवच ३२ इलेक्ट्रॉनांनीं पुरें भरतें, असें प्रतिपादिलें होतें. मग ७२ वें विरल मृत्तिकांत बसणार कसें? सेल्टियमचा दावा खरा ठरता, तर बोर यांची सारी मांडणीच डळमळली असती.

तेव्हां बोर यांच्याच संस्थेंत कॉस्टर व हेव्हेशी यांनीं झिर्कोनियमचीं खनिजें घेऊन त्यांचा क्षकिरण-वर्णपट तपासला. त्यांत ७२ क्रमांकाच्या रेषा उमटलेल्या आढळल्या. ११ डिसेंबर १९२२ रोजीं स्टॉकहोम येथें नोबेल व्याख्यान देतांना बोर यांनीं ही वार्ता सांगितली. कोपनहेगनच्या 'हाफ्निया' या लॅटिन नांवावरून या मूलद्रव्यास हाफ्नियम म्हणतात.

क्लाप्रोथ यांनीं झिर्कोनियम ओळखलें तें १७८९ सालीं. त्यानंतर १३३ वर्षें, झिर्कोनियम हाताळणाऱ्या रसायनज्ञांच्या हातीं हाफ्नियमहि नकळत येतच होतें. दोहोंच्या ज्या साम्यामुळें तें लपून राहिलें, तेंच साम्य मांडणीच्या आंकड्यांनीं उघड केलें.