चढणारी हवा, अडलेली हवा

भोपाळच्या मोठ्या तलावावर जून महिन्यात दुपारी जो ढग उभा राहतो, त्याची उष्णता त्याला थेट सूर्याकडून मिळालेली नसते. सूर्यकिरण हवेतून बव्हंशी तसेच पार होतात. आधी तापते ती जमीन, आणि जमिनीच्या स्पर्शाने हवा. चुलीवरच्या भांड्याप्रमाणे वातावरणही खालून तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, वर दाब कमी असल्याने प्रसरण पावते आणि दर शंभर मीटरांस सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड होते. थंड हवेला बाष्प पेलवत नाही. ते धूलिकणांभोवती जमून सूक्ष्म जलबिंदू बनतात. हाच ढग होय. जमताना बाष्प आपली सुप्त उष्णता परत करते. त्यामुळे ढगातील हवा भोवतालच्या हवेहून उबदार राहून आणखी वर जाते. ढग स्वतःच स्वतःला उचलतो, असे म्हटले तरी चालेल.

हिवाळ्यातील रात्री याच्या उलट घडते. आकाश निरभ्र, म्हणजे जमिनीवर ढगांचे पांघरूण नाही. जमीन आपली उष्णता अवकाशात टाकून झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, आणि वरचा थर मात्र उबदार राहतो. याला शास्त्रात तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. खालची हवा थंड व जड असल्याने ती वर चढू शकत नाही. संध्याकाळी चुलींचा धूर छपरांवर आडवा पसरून राहतो तो याचमुळे.  धूर व प्रदूषण खालीच कोंडले गेल्याने खोकला आणि धुके यांचा त्रास होतो, आणि प्रदूषण फार असेल तर ते आरोग्यास घातकही ठरते.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र अशीच थंड व मंद वाऱ्याची होती. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. मिथाइल आयसोसायनेट व पाणी यांच्या संयोगाने प्रचंड उष्णता निर्माण होते, आणि हा द्रव तर ३९ अंशांवरच उकळतो. तो थंड ठेवणारी शीतकयंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोराही निकामी होता. मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. तो हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. वर उबदार थराचे झाकण, खाली मंद वारा. वायू जमिनीलगत जुन्या शहराकडे सरकला आणि झोपलेल्या वस्त्यांमध्ये शिरला. हजारो माणसे मृत्यू पावली.

भर दुपारी हीच गळती झाली असती, तर चढत्या हवेने बराच वायू वर नेऊन विरळ केला असता. म्हणून दोष हवेचा ठरत नाही. हवा आपल्या नियमाने वागली, आणि तो नियम पाठ्यपुस्तकात छापलेला होता. टाकीशेजारी वस्ती वसू देणाऱ्यांनी तो विचारात घ्यावयास हवा होता.

त्या रात्री अनेकजण वायूच्याच वाटेने पळाले, आणि धावण्याने श्वास वाढून अधिक वायू छातीत गेला. वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत दूर जाणे आणि नाकातोंडावर ओले फडके धरणे, एवढे जरी त्यांना कोणी वेळीच सांगितले असते! हा वायू पाण्याशी संयोग पावतो. ओल्या फडक्याने त्यातील काही भाग तरी अडला असता.