ओट्यावरची काच
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दरवर्षी चिवड्याच्या पातेल्यापाशी असते, माईकपाशी नसते. यंदा चिटणीसबाईंनी "तुम्हीही चार शब्द बोलाच" म्हणून पिच्छाच पुरवला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर मी काय बोलणार? पण सव्वीस वर्षे ओट्यापुढे उभी आहे, तेव्हा ओट्यावरचेच बोलते.

विषय आहे काचेचा. शेगडीच्या अवतीभवती आता किती काच आली आहे, ती घरी गेल्यावर प्रत्येकीने एकदा बघावी. शेगडीचा वरचा भाग काचेचा, कढईवरचे झाकण काचेचे, मिठासाखरेच्या बरण्या काचेच्या, आणि भाजी चिरायची फळीसुद्धा काचेची निघाली आहे. (त्या फळीने सुरीची धार जाते, हे जाता जाता सांगते.)

आमच्या घरी काचेची शेगडी मी आणली. भिशी लागली होती आणि शेजारी पाहून मन लोभावले होते. सासूबाईंना मुळीच पसंत नव्हती. त्या म्हणाल्या, "अगं, काच आणि विस्तव यांचं कधी जमलंय का? आहे ती स्टीलची काय वाईट आहे?" मी म्हटले, "आई, ही साधी काच नाही, टफन काच आहे. दुकानदारानं मूठ आपटून दाखवली." ती शेगडी दिसायची मात्र आरशासारखी. पुसताना हात थकत नसे.

2022 सालच्या गौरी. पूजनाचा दिवस, पुरणाचा स्वयंपाक. सकाळपासून शेगडी एकसारखी पेटलेली. डाळीचा मोठा कुकर उतरवला आणि ओट्यावर जागा नाही म्हणून मी तो दोन बर्नरच्या मधे, काचेवरच टेकवला. एकीकडे पोळ्यांचा मोठा तवा, दुसरीकडे कटाची आमटी. आमटी थोडी उतू गेली. सासूबाई जवळच होत्या. त्यांनी सवयीने ओला फडका घेतला आणि काचेवरून फिरवला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. काच होती तिथे काचच नव्हती, खडीसाखरेएवढे हजार तुकडे झाले होते. शेगडी खचली, आमटीचे पातेले कलंडले आणि ती उकळती आमटी सासूबाईंच्या डाव्या पायावर आली.

मी आधी रेग्युलेटर बंद केला, तेवढे सुचले. मग मात्र काहीच सुचेना. कोणी म्हणाले टूथपेस्ट लावा, कोणी म्हणाले हळद. आम्ही दोन्ही लावले. डॉक्टरांनी ते सगळे धुऊन काढताना सासूबाईंच्या डोळ्यांतून जे पाणी आले ते मी विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, भाजल्यावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडायचे, बर्फ नाही, पेस्ट नाही, काही नाही. पुरण, पोळ्या, भाजी, सगळे टाकून दिले, कारण उघड्या अन्नात काचेचा कण कुठे असेल ते सांगता येत नाही. त्या वर्षी गौरींना दूधसाखरेचा नैवेद्य झाला.

आता बोलायचे ते पुढेच आहे. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "गरम काचेला ओला फडका लावलात, चूक तुमची." घरात सगळ्यांनी तेच धरले. मीही त्यांच्यातलीच. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पाय महिन्याभराने बरा झाला, पण त्या स्वयंपाकघरात यायच्या थांबल्या. "माझ्या हातून नको काही," एवढेच म्हणत.

पुढच्या वर्षी खिडकीचे तावदान बसवायला काचवाला आला होता. सहज विचारले, शेगडीची काच कापून मिळेल का? तो हसला. म्हणाला, "बाई, टफन काच कापता येत नाही. आधी मापाला कापायची, कडा घासायच्या, मग भट्टीत सहाशे डिग्रीच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचा झोत मारायचा. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून आवळतो. म्हणून ती वरून दाबलेली आणि आतून ताणलेली असते. मधे मूठ मारा, काही होणार नाही. पण तडा आतल्या थराला पोचला की सगळी एकदम जाते. आणि तिचं मर्म कडेला." मग त्याने विचारले, "तुमच्या काचेला कडेला टवका होता का?"

मैत्रिणींनो, होता. आदल्या दिवाळीत खलबत्त्यातला बत्ता माझ्या हातून निसटून डाव्या कोपऱ्यावर पडला होता. मुगाच्या दाण्याएवढा टवका उडाला. हट्टाने आणलेली वस्तू, आणि सासूबाई "मी म्हटलं नव्हतं का" म्हणतील, म्हणून मी शेगडी फिरवून तो कोपरा भिंतीकडे केला. दहा महिने तो टवका माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. टवका मी पाडलेला, तापलेला कुकर काचेवर मी ठेवलेला. फडका शेवटी आला इतकेच.

काच फुटते ती नुसत्या उष्णतेने नव्हे, एक भाग तापून फुगतो आणि शेजारचा गार राहतो, त्या ओढाताणीने. आपल्या आयांच्या वेळी कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची, ते हेच. माझ्या मुलीने मला वाचून दाखवले की अमेरिकेत आगगाडीच्या कंदिलांच्या काचा अशाच फुटत, म्हणून तिथल्या कॉर्निंग गावच्या कारखान्याने कमी फुगणारी काच केली होती. 1913 साली तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीचे, बेसी लिटलटन बाईंचे, भाजायचे भांडे फुटले. त्यांनी नवऱ्याला म्हटले, तुमच्या कारखान्यातली काच आणा. त्याने बॅटरीच्या काचेच्या बरणीचा बूड कापून आणला, बाईंनी त्यात केक भाजला. त्यातून 1915 साली पायरेक्सची भांडी बाजारात आली. म्हणजे ही सुधारणा एका गृहिणीच्या फुटक्या भांड्यातूनच झाली! पण हेही सांगते, की ही बोरोसिलिकेट काचसुद्धा भट्टीसाठी आहे, गॅसच्या ज्योतीवर ठेवायला नाही. आणि फ्रीजमधून काढून थेट भट्टीत ती घालू नये.

ज्यांच्याकडे काचेची शेगडी आहे त्यांनी ती फेकावी असे मी म्हणत नाही. मात्र बर्नरच्या बाहेर चारी बाजूंनी पसरेल असा तवा किंवा पातेले तासन्‌तास ठेवू नका, त्याची आच खालच्या काचेवर परतते. तापलेले भांडे काचेवर टेकवू नका, लाकडाची फळी हाताशी असू द्या. पुसायचे ते पूर्ण निवल्यावर. गरम काचेचे झाकण नळाखाली धरू नका आणि त्याच्या मुठीचा स्क्रू सैल झाला असेल तर आवळून घ्या. बरण्या शेगडीच्या वरच्या फळीवर नकोत. आणि कडेला टवका दिसला, तर त्याच दिवशी घरात सांगा आणि काच बदलून घ्या.

काचवाला गेला त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या बराच वेळ जप करीत बसल्या. मग म्हणाल्या, "टवका मला दिसला होता. मला वाटलं, माझ्याच हातून काही आपटलं असेल." एकाच टवक्यावर आम्ही दोघी वेगवेगळ्या गप्प बसलो होतो.

आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. यंदाच्या गौरींचे पुरण त्यांनी वाटले, स्टीलच्या शेगडीवर.