बंदुकीची माशी

शिवऱ्याहून भोरकडे गेले की भाटघरचे पाणी लागते. रानबदकांची परवान्याची शिकारही 1991 च्या कायदादुरुस्तीने संपली. आम्हांस ते योग्यच वाटते. आता मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरावा.

छऱ्यांच्या बंदुकीला नळीच्या टोकाशी एक मणी असतो, तीच माशी. ती अगदी मधोमध हवी. तिरपी बसली की नेम फसलाच. मागची खूण बहुधा नसते, ते काम डोळ्याचे. म्हणून दस्ता गालाला नीट बसेना, तर महागडी माशीही व्यर्थ! यंत्र माणसाच्या मापाचे हवे, हेच आम्ही मालकांशी जन्मभर भांडलो. आणि नजर माशीवर खिळली की हात थांबतो, बार तबकडीच्या मागे जातो. नजर तबकडीवर, नळी तिच्या किंचित पुढे, आणि बार उडाल्यावरही हात फिरता.