जिभेखालचे दार

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेले भाषण)

 

मी डॉक्टर नाही. डी. फार्म. करून सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर बसणारा माणूस आहे. त्या खिडकीवर एक वाक्य मला वारंवार सांगावे लागते : "ही गोळी गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची." ऐकणारा मान डोलावतो, पण घरी गेल्यावर पाण्याचा पेला पुढे येतोच. म्हणून त्यामागचे कारण आज सांगतो.

गिळलेले औषध आतड्यातून रक्तात शिरते आणि ते रक्त आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे आपल्या शरीराचे जकात नाके. काही औषधांचा बराचसा भाग तिथेच कापला जातो. जिभेखालची त्वचा मात्र पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असते. तिथून शिरलेले औषध यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते आणि काही मिनिटांत काम सुरू करते.

हे दार वापरणारे सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन. डायनामाइटमध्ये असते तेच! लंडनचे डॉ. विल्यम मरेल यांनी त्याच्या द्रावणाने ओले झालेले बूच सहज स्वतःच्या जिभेला लावून पाहिले, तर डोके ठणकू लागले आणि नाडी जोरात उडू लागली. पुढे 1879 मध्ये त्यांनी हृदयशूळावरचे औषध म्हणून त्याची माहिती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली सॉर्बिट्रेट ही त्याच कुळातली.

डॉक्टरांनी अशी गोळी लिहून दिली असेल, तर एवढे लक्षात ठेवा. छातीत दुखू लागले की आधी खाली बसा, कारण गोळीने बीपी उतरतो आणि उभ्या माणसाला भोवळ येऊ शकते. तोंड कोरडे असेल तर घोटभर पाण्याने ओले करा, मग गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्या. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर 108 ला फोन करा. स्कूटर काढू नका. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या त्यांच्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवा. आणि सिल्डेनाफिलसारखी गोळी कोणी घेत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी जिवावर बेतेल इतका खाली जातो.

म्हणून शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नका. पूर्वी बीपी वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. बीपी एकदम कोसळून झटके येऊ लागले, तेव्हा ती पद्धत सोडावी लागली.

हे दार चांगले-वाईट ओळखत नाही. तंबाखूला चुना का मळतात? चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतून झटपट रक्तात शिरते. मिश्री लावणाऱ्या आजीच्या हिरडीतूनही तेच घडते. त्याच त्वचेवर पुढे कर्करोग उगवतो.

आता लशींविषयी. पोलिओचे थेंब तोंडातून देतात, पण ते गिळले जाऊन मुख्यतः आतड्यात काम करतात. गालाच्या आतल्या त्वचेतून लस देणे त्याहून अवघड. लशीचे रेणू मोठे, त्वचेचे थर अनेक आणि लाळ सतत सगळे धुऊन नेते. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 'म्युकोजेट' नावाचे छोटे साधन मांडले. आत वायूचा दाब तयार होऊन द्रवाची बारीक धार गालाच्या आत शिरते. सुई लागत नाही. त्याची चाचणी सशांवर झाली होती. ॲलर्जीच्या काही गोळ्या मात्र जिभेखाली ठेवूनच देतात. गवताच्या परागकणांवरच्या अशा गोळ्यांना अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळाली.

बिनसुईच्या लशी येतील तेव्हा येतील. आपल्या हातातले काम आजचे आहे. घरी गेल्यावर आजोबांचा औषधांचा डबा उघडा. जिभेखालची गोळी कोणती, ती कुठे ठेवली आहे आणि तिची मुदत संपली आहे का, हे घरातल्या प्रत्येकाला, दहावीतल्या नातवालासुद्धा, ठाऊक असू द्या. दुखणे येईल त्या वेळी घरात कोण असेल, हे आपण ठरवत नाही.