आषाढातला सूर्य



सूर्यापासून वीज मिळते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला. आज तसल्या घटांची पॅनेले आपल्या गच्च्यांवरही दिसतात. परंतु त्यांतली पुष्कळशी महावितरणच्या तारांना जोडलेली असतात, आणि गावची वीज गेली की बॅटरी नसलेली ही यंत्रणा आपण होऊन बंद होते. तसे झाले नाही, तर खांबावर चढलेल्या कामगाराच्या जिवावर बेतेल. म्हणजे छपरावर ऊन तळपते आहे आणि खाली पंखा बंद! म्हणून आज मी बोलणार आहे ते तारेवाचून चालणाऱ्या, बॅटरीत साठविलेल्या विजेविषयी.

याची गरज काय, असे कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यातील घारापुरीला समुद्राखालून वीज पोहोचली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर भागवावे लागे. पुढे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांनी अनेक रात्री अंधारात काढल्या. घरात आजारी माणूस असेल, तान्हे मूल असेल, तर अशा रात्री एका दिव्याचे मोल काय, हे सांगावे लागत नाही.

आता हिशेब पाहू. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे ६ तास लावले, तर ६० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टवर चालणारा ३० वॅटचा पंखा रात्रीचे ८ तास फिरविला, तर २४०. एकूण ३००. हेच काम ६० वॅटचे जुने बल्ब आणि ७५ वॅटचा पंखा यांच्याकडून करून घेतले, तर १,३२० लागतील! तेव्हा पॅनेल घेण्याआधी दिवे-पंखे बदला. स्वस्तातली वीज म्हणतात ती हीच.

१२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी १,२०० वॅट-तास साठविते. पण ती टिकावी असे वाटत असेल, तर निम्मीच वापरावी. म्हणजे हाताशी ६०० : दोन रात्रींची बेगमी. १५० वॅटचे दक्षिणाभिमुख पॅनेल चैत्रात दिवसाकाठी सुमारे ५५० देईल. आषाढात, ढग दाटले म्हणजे, त्याच्या चौथाईचीही खात्री नाही.

माझ्या सांगण्याचा गाभा इथेच आहे. दुकानदार हिशेब चैत्राचा सांगतो आणि तारा तुटतात आषाढात. म्हणून दिवे आणि पंखा यांचे खाते वेगळे ठेवा. पंखा चालू राहिला, तर दोन रात्रींत साठा संपेल. तो थांबवून दिवेच लावले, तर त्याच ६०० वॅट-तासांत, सूर्याचे तोंड न दिसताही, दहा रात्री निघतील. पावसाळ्यात दिवा हक्काचा, पंखा उरल्यास.

आणखी एक दक्षता. व्होल्टेज कमी म्हणजे प्रवाह अधिक. ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने तो १० मीटर दूर नेला, तर जाऊन-येऊन सव्वा व्होल्ट वाटेतच मुरतो आणि पंखा रेंगाळतो. म्हणून तार जाड घ्यावी, बॅटरी जवळ ठेवावी. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बॅटरीच्या अगदी लगत फ्यूज बसवावा. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागते. बॅटरीला हवा खेळती हवी आणि पॅनेल वाऱ्याने उडणार नाही असे जखडलेले हवे.

आपल्याकडे वैशाखात पापड-कुरडया वाळवून पावसाळ्याची तयारी करण्याची रीत आहे. विजेचे गणितही त्याच वहीत मांडावे. आषाढाच्या हिशेबाने ज्याने सामान जमविले, त्याच्या घरी वादळाच्या रात्री दिवा तेवेल, आणि शेजाऱ्यालाही त्याचा आधार होईल.